बेंझीनच्या पोटात ऊद: रसायनांच्या नावांची कुळं शोधूया

निशिगंधा_दादर

रविवारी भाचीच्या बाळाच्या आंघोळीला गेले होते. आमच्याकडे अजून आंघोळीनंतर बाळाला धुरी देतात. कोळशाचे दोन तुकडे गॅसवर लाल केले, धुपाटण्यात ठेवले, वर चिमूटभर ओवा, वावडिंग आणि उदाचे चार खडे. उदाचा खडा निखाऱ्यावर पडला की आधी त्याच्या कडा पाघळतात, मग मधोमध एक बुडबुडा फुगतो आणि तो फुटला की पांढरा धूर उठतो. माझी लेक बारावीला आहे. ती तिथेच सेंद्रिय रसायनाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "आई, मिथेन, इथेन सगळं पाठ होईल गं. पण बेंझीनला बेंझीन का म्हणतात?"

मी बावीस वर्षं औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये आहे. औषधात बेंझीनचा अंश २ पीपीएमच्या (दहा लाख भागांत दोन भाग) वर गेलेला चालत नाही, ते तपासणं हे माझं रोजचं काम. पण नाव कुठून आलं हे मला सांगता येईना. घरी येऊन शोधत बसले. उत्तर त्या धुपाटण्यातच होतं!

अरब व्यापारी उदाला 'लुबान जावी' म्हणत, म्हणजे जावाचा लोबान. (जावा म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे सुमात्राही असे.) हा माल भूमध्य समुद्राकाठी पोचला तेव्हा तिथल्या लोकांना सुरुवातीचा 'लु' हा आपल्या भाषेतलं उपपद वाटला, इंग्रजीतल्या 'द'सारखं. तो त्यांनी गाळला. राहिलं 'बान जावी'. त्याचं बेंजुई, मग बेंझोइन. या उदातून जे आम्ल निघालं ते बेंझोइक. १८३३ च्या सुमारास मिट्शरलिश या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बेंझोइक आम्ल चुन्याबरोबर तापवलं, त्यातून जो द्रव मिळाला त्याला तो 'बेंझिन' म्हणाला. हाच द्रव फॅरडेला १८२५ मध्ये दिव्याच्या गॅसच्या तेलकट गाळात सापडला होता, पण फॅरडेने दिलेलं लांबलचक नाव मागे पडलं आणि उदाचं नाव टिकलं.

म्हणजे बाळाला देतो ती धुरी आणि ज्याच्या एका थेंबाला मी लॅबमध्ये घाबरते तो द्रव, दोघांचं नाव एकाच खड्यातलं. हे मला कुणी शाळेत सांगितलं असतं तर!

तुम्हाला अशी आणखी कुठली नावं माहीत आहेत? मुख्य म्हणजे ज्यांची मुळं आपल्या बाजारात, स्वयंपाकघरात, कारखान्यात सापडतात अशी. लेकीसाठी वही करतेय.

---

लोकलप्रवासी

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर रात्री. तोवर एक: फॉर्मिक ॲसिड, लॅटिन 'फॉर्मिका' म्हणजे मुंगी. १६७१ साली जॉन रे याने मुंग्यांचा अर्क काढून हे आम्ल मिळवल्याची नोंद आहे. तांबडी मुंगी चावली की जळजळतं तेच.

---

मीनल७३

किती सुंदर लिहिलंय ताई! वाचतेय. उदाचा वास आला अगदी.

'लोबान'मधला 'लो' तिकडे गळला आणि आपल्याकडे राहिला, ही गंमत आवडली. माहीमला दर्ग्याच्या गल्लीत गुरुवारी हाच वास असतो.

---

गिरगावचा_गण्या

माझ्याकडून अमोनिया. आणि तो थेट आमच्या चाळीच्या चौकातून.

लहानपणी दिवाळीच्या आधी कल्हईवाला यायचा. चौकात छोटा खड्डा, त्यात कोळसे, कातड्याचा भाता. आजीने दिलेलं पितळी पातेलं तो विस्तवावर फिरवत तापवायचा, मग आत नवसागराची पूड टाकायचा. भस्सकन पांढरा धूर आणि नाकात झिणझिण्या. लगेच कथलाची कांडी टेकवायची, कापसाच्या बोळ्याने ते कथील आतून सगळीकडे फिरवायचं आणि पातेलं पाण्यात. चुर्रर्र. चंद्रासारखं पांढरं पातेलं बाहेर यायचं. आम्ही पोरं तो पहिला धूर नाकात घ्यायला पुढे सरकायचो आणि आजी मागे ओढायची.

पुढे डिप्लोमाला कळलं की नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापला की त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. दुसरा वायू पितळेवरचा ऑक्साइडचा थर खातो, म्हणून कथील धरतं. वर हवेत दोघं पुन्हा एकत्र येतात, तोच तो पांढरा धूर.

आता नाव. इजिप्तच्या पश्चिमेला वाळवंटात सीवा नावाचं ओॲसिस आहे. तिथे आमोन देवाचं देऊळ होतं. त्या मुलखातल्या मिठाला 'आमोनचं मीठ' म्हणत, लॅटिनमध्ये साल अमोनियाक. पुढे हे नाव नवसागराला चिकटलं. इजिप्तमध्ये उंटाचं शेण जाळून त्याच्या काजळीतून नवसागर काढत असत. १७८२ मध्ये बर्गमनने त्यातून निघणाऱ्या वायूला अमोनिया हे नाव दिलं.

आपला नवसागर मात्र सागरातला नाही. फारसीत नौशादर, संस्कृत रसग्रंथांत नवसार, आपल्या तोंडी येईपर्यंत नवसागर.

---

बोरिवलीकर_सर

धागा छान आहे, पण वेगळं मत मांडतो. मी अकरावी-बारावीचे क्लास घेतो. मुलांवर ही जुनी नावं म्हणजे दुहेरी ओझं आहे. इथेनॉइक आम्ल म्हटलं की दोन कार्बन, आम्लाचा गट, सगळं नावातच कळतं. ॲसिटिक म्हटलं की काय कळतं? लॅटिनमधला सिरका. १८९२ मध्ये जिनिव्हाला रसायनशास्त्रज्ञ जमले ते याच गोंधळाला कंटाळून. तोवर ज्याला जे सुचेल ते नाव. कुणाला मुंगी दिसली, कुणाला बकरी, कुणाला देऊळ. नावावरून रेणू डोळ्यांपुढे उभा राहिला पाहिजे. कुळकथा निवांत वेळी वाचाव्यात, परीक्षेच्या वर्षी नाही.

---

निशिगंधा_दादर

सर, तुमचा मुद्दा मान्य आहे आणि नाहीही. पद्धतशीर नावाशिवाय मोठा रेणू सांगताच येणार नाही, हे मी रोज अनुभवते. पण रसायनांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयुपॅकनेही, सगळी जुनी नावं टाकलेली नाहीत. २०१३ च्या शिफारशींत ॲसिटिक ॲसिड, बेंझीन, टोल्युइन, फिनॉल, ॲनिलीन ही पसंतीची नावं म्हणून ठेवलीत. प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनांच्या दुकानांत जाऊन तुम्ही प्रोपॅन-२-ऑल मागा आणि मग तेच द्रव्य आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) म्हणून मागा. कुठल्या नावाला माल आधी मिळतो पाहा.

आणि लेकीचा अनुभव सांगते. बेंझोइक आम्लाचं सूत्र तिला परवापर्यंत दर वेळी पाहावं लागायचं. आता लागत नाही. धुपाटणं आठवतं, मग बेंझीनचं सहा कार्बनचं कडं आठवतं.

---

लोकलप्रवासी

सर, बकरीचा उल्लेख केलात म्हणून. कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक ही तीन आम्लं, सहा, आठ आणि दहा कार्बनची. तिन्ही 'काप्रा' म्हणजे शेळीवरून. शेळीच्या दुधाला जो उग्र दर्प येतो तो यांचाच. तुमच्या वर्गात एकदा ही नावं शेळीसकट सांगून बघा, कुणी विसरणार नाही.

---

सह्यकडा

मूळ नावं शोधायला इजिप्तला आणि अरबस्तानात कशाला जाता? सल्फर हा शब्द संस्कृत 'शुल्बारि'वरून आलाय. शुल्ब म्हणजे तांबं, अरि म्हणजे शत्रू. गंधक तांब्याला काळं करतो, म्हणून तांब्याचा शत्रू. आपल्या लोकांना रसायन माहीत होतं याचा हा पुरावा. बाकीही बहुतेक सगळे शब्द असेच निघतील.

---

शब्दवेल्हाळ

सह्यकडा, शुल्बारि हा शब्द कोशात आहे आणि गंधक तांब्याला काळं करतो हेही खरं. पण तिथून लॅटिन सल्फरपर्यंत वाट दाखवता येत नाही. तो शब्द कुणी नेला, कुठल्या बंदरातून, मधल्या भाषांत त्याचं रूप काय होतं, यातलं काहीच हाताला लागत नाही. लॅटिनमध्ये तो जुन्या काळापासून 'सुल्पुर' असा दिसतो आणि भाषाशास्त्रज्ञ तो जळण्याच्या अर्थाच्या धातूशी जोडतात. ध्वनी जुळले म्हणजे नातं जुळलं असं नसतं.

उलट ज्यांची वाट पावलापावलाने दिसते असे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. ते सोडून कच्च्या शब्दामागे का लागायचं?

शर्करा घ्या. संस्कृतात आधी अर्थ बारीक खडी, रेती. मग दाणेदार साखर. फारसीत शकर, अरबीत सुक्कर. ग्रीकमध्ये साक्खारोन, त्यावरून लॅटिनमध्ये साक्कारुम. १८७९ मध्ये फालबर्ग आणि रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत कोळशाच्या डांबरातल्या द्रव्यावर काम करताना एक भयंकर गोड पदार्थ मिळाला, त्याचं नाव सॅकरिन. शर्करा रेतीपासून निघाली आणि डांबरात जाऊन पोचली!

पिप्पली घ्या. ग्रीकांनी 'पेपेरी' केलं, लॅटिनमध्ये 'पिपेर'. खरं तर पिप्पली म्हणजे लांब पिंपळी, पण नाव मिऱ्याला लागलं. १८१९ मध्ये ओर्स्टेडने मिऱ्यातून तिखट स्फटिक काढले, पिपरीन. त्यावरून पिपरिडीन, पिपरॅझीन. आजच्या कित्येक गोळ्यांच्या रेणूंत हे कडं आहे. निशिगंधाताई, तुमच्या लॅबमध्ये रोज पिंपळी येत असणार.

चंदनावरून सँटॅलॉल. कर्पूरावरून कॅम्फर, हा अरबी 'काफूर'मधून गेला. आणि आपण ज्याला भीमसेनी कापूर म्हणतो त्यातल्या मुख्य द्रव्याचं नाव बोर्निओल, बोर्निओ बेटावरून.

---

सह्यकडा

@शब्दवेल्हाळ, वाट दाखवता आली पाहिजे हे पटलं. शुल्बारि मागे घेतो. पिप्पलीचं माहीत नव्हतं, ते जास्त आवडलं.

---

चिंचपोकळीकर

नीळ राहिली की!

बाबा परळच्या एका गिरणीत डाइंग खात्यात होते. संध्याकाळी घरी आले की आधी मोरीवर, हात घासायला. राखेने घासा, लिंबाने घासा, नखांच्या कडांमधला निळा रंग जायचा नाही. जेवताना वरणभात कालवणारी ती निळी नखं मला अजून दिसतात. संप झाला ८२ साली. त्यानंतर सातआठ महिन्यांनी एक दिवस आई म्हणाली, 'यांची नखं पांढरी झाली.' आणि ती रडायला लागली. मला तेव्हा कळलं नव्हतं ती का रडली.

बाबा 'ॲनलाइन' म्हणायचे, ड्रमवर तेच लिहिलेलं असायचं असं सांगायचे. तो शब्द कुठला हे मी खूप उशिरा वाचलं. संस्कृत नील, फारसीत तेच, अरबीत उपपद लागून 'अन-नील', पोर्तुगीजमध्ये 'अनिल'. १८२६ मध्ये उन्फरडॉर्बेनने नीळ तापवून त्यातून एक तेलकट द्रव काढला. १८३४ मध्ये रुंगने तोच द्रव कोळशाच्या डांबरातून काढून त्याला वेगळं नाव दिलं. १८४० च्या सुमारास फ्रित्शने नीळ दाहक पोटॅशबरोबर तापवून पुन्हा तोच मिळवला आणि नाव ठेवलं ॲनिलीन. हे सगळे द्रव एकच, हे १८४३ मध्ये हॉफमनने दाखवलं. त्याचाच विद्यार्थी पर्किन. त्याने १८५६ मध्ये याच ॲनिलीनपासून जांभळा रंग केला आणि रंगांचे कारखाने उभे राहिले. १८९७ मध्ये कारखान्यात केलेली नीळ जर्मनीतून बाजारात आली आणि आपल्याकडची निळीची शेती बसली.

निळीचं नाव घेतलेल्या धंद्याने निळीलाच शेतातून उठवलं. बाबांना हे सांगायला हवं होतं. राहून गेलं.

---

मीनल७३

@चिंचपोकळीकर, डोळ्यांत पाणी आलं दादा.

---

गिरगावचा_गण्या

दादा, नखांचं वाचून मीही थांबलो. आमच्या चाळीतही दोन घरं गिरणीतली होती.

लालबागला अजून गॅस कंपनी लेन आहे ना? कोळशाचा गॅस आणि त्याचं डांबर यांनी रसायनांना किती नावं दिली बघा. बेंझीन दिव्याच्या गॅसमध्ये सापडलं म्हणून लॉराँ नावाच्या फ्रेंच माणसाने त्याला 'फेन' म्हणायचं सुचवलं, ग्रीकमधल्या प्रकाशाच्या शब्दावरून. ते नाव बेंझीनला लागलं नाही, पण त्यातून फिनाइल आणि फिनॉल आले. आणि आपण लादी पुसायला घेतो ते फिनेल! बादलीतल्या पाण्यात दूध ओतल्यासारखं पांढरं होतं ना, त्या बाटलीच्या नावात गॅसबत्तीचा उजेड आहे.

नॅफ्थलीनचंही सांगतो. ते नाव जॉन किड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८२१ मध्ये दिलं, नाफ्था या फार जुन्या पश्चिम आशियाई शब्दावरून. पण आपल्या आया त्याला डांबरगोळी म्हणतात. डांबरातून निघाली, गोळी आहे, डांबरगोळी. माझ्या मते मराठी नाव जास्त नेमकं आहे.

---

पुरचुंडी

डांबरगोळीला माझंही मत!

मी फार्मसिस्ट. तीन नावं माझ्याकडून.

अडुळसा. संस्कृतात वासा किंवा वासक, त्यावरून त्यातल्या अल्कलॉइडचं (वनस्पतीत सापडणाऱ्या नायट्रोजनयुक्त द्रव्याचं) नाव व्हॅसिसीन. या रेणूवरून पुढे ब्रोमहेक्सीन तयार झालं. कफ सिरपच्या बाटलीमागे बघा, बहुतेकांच्या घरात असेल. झाडाच्या शास्त्रीय नावातला आधाटोडा हा तमिळ शब्द, अर्थ 'शेळी तोंड लावत नाही'. लोकलप्रवासी यांच्या शेळीची इथे पुन्हा गाठ पडली.

सर्पगंधा. यातल्या एका अल्कलॉइडचं नाव अजमलीन. दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी १९३१ मध्ये ते वेगळं केलं आणि हकीम अजमल खान यांचं नाव दिलं. आजही हृदयाच्या ठोक्यांचा एक विशिष्ट दोष ओळखायला डॉक्टर हे औषध देऊन ईसीजी काढतात. हकीमसाहेबांचं नाव असं जगभरच्या हृदयविभागांत घेतलं जातं, याचा मला फार आनंद वाटतो.

तिसरं अल्कोहोल. अरबी 'अल-कुह्ल' म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा, बारीक खललेली पूड. बारीक पूड म्हणजे सत्त्व, मग कुठल्याही वस्तूचं सत्त्व, मग दारूचं सत्त्व. बाळाच्या डोळ्यांतलं काजळ आणि सॅनिटायझर एका शब्दाने जोडलेत.

---

बोरिवलीकर_सर

अल्कोहोलवरूनच माझा मुद्दा पुन्हा मांडतो, कारण तो मला गंभीर वाटतो. मिथाइल अल्कोहोल, म्हणजे मिथेनॉल, यातला 'मिथाइल' हा शब्द 'मिथिलीन'वरून आला आणि 'मिथिलीन' १८३४ च्या सुमारास द्यूमा आणि पेलिगो यांनी ग्रीक 'मेथु' म्हणजे मद्य आणि 'हिले' म्हणजे लाकूड यांवरून केला. लाकडातून निघालेली दारू! नावातच दारू आहे. आणि ही दारू पिऊन माणसं मरतात. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणी वस्तीत शंभराहून जास्त माणसं गेली ती मिथेनॉलनेच. मी तेव्हा मालाडला राहायचो. सकाळी गल्लीच्या तोंडाशी एकामागून एक रुग्णवाहिका पाहिल्यात. नाव जर चुकीच्या समजुतीवर उभं असेल तर त्याची कुळकथा कौतुकाने सांगताना ती समजूतही मोडली पाहिजे. ऑक्सिजनचं तेच. लाव्हाझिएला वाटलं की प्रत्येक आम्लात तो असतोच, म्हणून 'आम्ल करणारा' असं नाव. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा अणूही नाही. मुलं हे पाठ करतात आणि फसतात.

---

निशिगंधा_दादर

सर, हे वहीत घेतलंय, तुमच्याच शब्दांत. चुकलेली नावंही हवीतच. नाव ठेवणाऱ्याला तेव्हा काय वाटत होतं ते त्यात कळतं. पण मालवणीच्या बाबतीत मला वाटतं पद्धतशीर नावानेही माणूस वाचत नाही. इथेनॉल आणि मिथेनॉल, फरक एका अक्षराचा. ड्रमवर काय लिहिलंय हे पिणाऱ्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

---

बोरिवलीकर_सर

हो. ते पोचलं नव्हतं.

---

रानवाटा

उशिरा आलो, पण कातावर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

माझं गाव रायगडात. आजोबा सांगायचे, डोंगरात खैर तोडून त्याचा तांबडा गाभा तासायचे, ते तुकडे मडक्यांत उकळत ठेवायचे, पाणी दाट काळपट झालं की गाळून पुन्हा आटवायचं आणि थंड झालं की वड्या पाडायच्या. हे काम करणारे ते कातकरी. काथोडीही म्हणतात. माणसांच्या अख्ख्या जमातीला धंद्याचं नाव मिळालं. जंगलं सरकारी झाली, खैर गेला, आता यातली कितीतरी कुटुंबं वर्षातले सहासहा महिने वीटभट्टीवर असतात. नाव तेवढं काताचं राहिलंय.

हा कात युरोपात 'कॅटेचू' म्हणून गेला. त्यातल्या द्रव्याला कॅटेचिन म्हणाले, चहाच्या जाहिरातीत हल्ली ऐकू येतं तेच. १८३९ मध्ये कॅटेचिन कोरडंच तापवून एक नवा पदार्थ मिळाला, तो कॅटेकॉल. आणि ज्या रेणूंत कॅटेकॉलचं कडं आणि अमाइन (नायट्रोजनचा गट) आहे ते कॅटेकोलअमाइन्स: ॲड्रेनलिन, डोपामिन. लोकल सुटताना धावत दरवाजा पकडतो तेव्हा छातीत जे धडधडतं, त्याच्या नावात आमच्या डोंगरातला कात आहे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा गावाकडच्या काळू कातकऱ्याला सांगावंसं वाटलं होतं. पुढच्या खेपेला सांगितलंही. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्या औषधाला खैर लागतो का?" नाही म्हटल्यावर मान हलवली.

---

शब्दवेल्हाळ

रानवाटा, तुमच्या या एका प्रतिसादासाठी धागा वर राहो.

कॅटेचूबद्दल दोन मतं आहेत. एक मत तो कन्नड-तमिळमधल्या 'काचु'वरून मलायमार्गे गेला असं म्हणतं. दुसरं आपल्या कात, कत्था, काथ या शब्दांकडे बोट दाखवतं, ज्यांचं मूळ संस्कृत क्वाथ म्हणजे काढा. काथोडी या नावात तो 'थ' अजून शिल्लक आहे बघा. शब्दाचा पुढचा अर्धा एकीकडचा आणि मागचा दुसरीकडचा असणंही शक्य आहे.

आणि इथे मुंबई येते! १५६३ मध्ये गोव्यात पोर्तुगीजमध्ये एक औषधींवरचा ग्रंथ छापला गेला. लेखक गार्सिया द ओर्ता, वैद्य. त्यात 'काते'वर प्रकरण आहे, कापरावर आहे आणि निशिगंधाताईंच्या उदावरही आहे, 'बेंजुई' या नावाने. याच माणसाला १५५४ च्या आसपास पोर्तुगीजांनी मुंबई बेट भाड्याने दिलं होतं. त्याचा वाडा एशियाटिक लायब्ररीच्या मागे, आता नौदलाच्या ताब्यात असलेल्या आवारात होता. बेंझीन आणि कॅटेकॉल या दोन्ही नावांचे पूर्वज ज्याने कागदावर उतरवले तो माणूस मुंबईचा भाडेकरू होता.

---

लोकलप्रवासी

अवांतर: आपल्या रोजच्या बोलण्यातलं एक. 'नियमाला हरताळ फासला' म्हणतो ना, तो हरताळ म्हणजे आर्सेनिकचं पिवळं सल्फाइड. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की त्यावर हरताळाचा लेप देऊन ते बुजवायचे. संपाचा हरताळ वेगळा.

---

शब्दवेल्हाळ

हे अवांतर मुळीच नाही. फारसीत हरताळाला 'झर्नीख', त्यातलं 'झर' म्हणजे सोनं. आपल्या जरीकाठातली जर तीच. ग्रीकांनी झर्नीख ऐकला आणि आपल्या ओळखीच्या शब्दासारखा 'आर्सेनिकोन' करून टाकला. त्यावरून आर्सेनिक. पैठणीचा काठ आणि सोमल (आर्सेनिकचं विष) एका कुळातले. शिवाय फारसी 'झर' आणि संस्कृत 'हरि' हे मुळात सख्खे भाऊ, त्यामुळे हरिताल आणि आर्सेनिक ही दोन्ही नावं पिवळ्या रंगावरूनच पडलीत.

---

मीनल७३

अळूच्या फदफद्यात चिंच का घालतात यावरून माझं आणि सासूबाईंचं बोलणं झालं होतं. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, म्हणून घसा खवखवतो. हे ऑक्झॅलिक नाव आंबुशीवरून आलंय हे माहीत होतं का कुणाला? कुंडीत तीन पानांची आंबट रोपं आपोआप उगवतात ती आंबुशी, तिच्या वंशाचं नाव ऑक्झॅलिस. आम्ही लहानपणी पार्ल्याला शाळेतून येताना तोडून खायचो. आणि चिंचेतलं टार्टारिक, ते द्राक्षाच्या दारूच्या पिंपात बसणाऱ्या खरपुडीवरून. चिंचेचं इंग्रजी नाव टॅमरिंड मात्र अरबी 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर.

---

बोरिवलीकर_सर

आज वर्गात शेळी सांगितली. सहा, आठ, दहा. मागच्या बाकावरच्या मुलाने तास संपल्यावर येऊन विचारलं की मग बारा कार्बनच्या लॉरिक आम्लाचा प्राणी कोणता. प्राणी नाही, लॉरेल नावाचं झाड, म्हटलं. आणि तुझ्या डोक्यावरच्या खोबरेल तेलात जवळजवळ अर्धं तेच आहे. पद्धतशीर नावांबद्दलचं माझं मत आहे तेच आहे, पण हे इथे सांगायला हवं होतं.

---

निशिगंधा_दादर

सर, मनापासून आभार.

सगळ्यांना उत्तरं देते, पण आधी शनिवारचं सांगते. लेकीला घेऊन मशीद बंदरला काष्ठौषधींच्या गल्लीत गेले. ऊद मागितला. दुकानदारकाकांनी विचारलं, "बाळाला की पूजेला?" आणि राळ, गुग्गुळ, धूप अशी पोती बाजूला सारत उदाचं पोतं उघडलं. तपकिरी ढेकळं. एक फोडून दाखवलं तर आत बदामाच्या फोडींसारखे पांढरे ठिपके. "हा सुमात्राचा. सयामचा हवा असेल तर दुसरीकडे विचारा, तो महाग पडतो." हजार वर्षांपूर्वीचा 'लुबान जावी' पाव किलोच्या पुडीत बांधून मिळाला.

घरी आल्यावर जुना प्रयोग केला, सोळाव्या शतकात उदाची 'फुलं' काढायचे तसा. उदाची पूड स्टीलच्या वाटीत, वाटी तव्यावर, वर भोकं पाडलेला गाळणकागद आणि त्यावर कागदाचा शंकू. गॅस अगदी मंद, खिडक्या उघड्या. पंधरा मिनिटांत दोघींनाही ठसका लागला, तेव्हा बंद केलं. शंकू उलटा केला तर आतल्या बाजूला पांढऱ्या सुया! केसाइतक्या बारीक, प्रकाशात धरल्या की चमकणाऱ्या. लेक कितीतरी वेळ बोललीच नाही.

सोमवारी साहेबांना विचारून त्यातल्या थोड्या सुया लॅबमध्ये वितळवून पाहिल्या. शुद्ध बेंझोइक आम्ल १२२ अंशांना वितळतं. आमच्या सुया त्याच्या बऱ्याच आधी पाघळायला लागल्या आणि पूर्ण वितळायला वेळ घेतला. म्हणजे दोन द्रव्यं मिसळलेली. सुमात्राच्या उदात बेंझोइकबरोबर सिनॅमिक आम्लही असतं, त्याचा हा परिणाम असणार. दुकानदारकाका बरोबर बोलत होते.

संध्याकाळी लेकीला सांगितलं. तिने लगेच विचारलं, "सिनॅमिक म्हणजे दालचिनी का गं?"

---

पुरचुंडी

हो, सिनॅमन. आता दालचिनीचं नाव चीनवरून का पडलं, तिला शोधायला सांगा. फारसी 'दार-ए-चीनी', चीनचं लाकूड, एवढा धागा मी देते.

---

रानवाटा

ताई, त्या सुयांचा फोटो टाका ना.

---

निशिगंधा_दादर

उद्या दिवसाच्या उजेडात काढते. उरलेल्या सुया अजून कागदावरच आहेत, त्या उडू नयेत म्हणून दोन दिवस खोलीतला पंखा बंद ठेवलाय.